बांधावरचे कुंपण: आधी हद्द, मग खांब

शेजाऱ्याने तारेच्या कुंपणासाठी काढलेले खड्डे आपल्या रानात सरकल्यासारखे दिसले, की पहिला विचार खांब उपटून टाकण्याचा येतो. तो आवरावा, कारण खांब उपटणाऱ्यावरच नासधुशीची तक्रार होते आणि जमिनीचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. त्यापेक्षा त्याच दिवशी खड्ड्यांचे फोटो काढावेत, हद्दीचा जुना दगड किंवा विहिरीचा कठडा अशा न हलणाऱ्या खुणांपासूनचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि शेजाऱ्याला एवढेच म्हणावे, "अण्णा, मोजणी होईपर्यंत काम थांबवा, हद्द निघेल तिथं खांब लावायला मी स्वतः येतो."

पुष्कळ जण सातबारा हातात धरून भांडतात. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द दाखवत नाही. हद्दीसाठी गटाचा नकाशा आणि पोटहिस्से पडले असतील तर फाळणी नकाशा किंवा टिपण (मोजणीची मापे नोंदलेला कच्चा नकाशा) भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावे. जुन्या टिपणावरील मापे साखळी-आण्यांत असतात: साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे 16. एक साखळी लांब आणि तेवढाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, अर्थात 1089 चौरस फूट. त्यामुळे 330 फूट लांबीच्या बांधावर शेजारी सगळीकडे 3.3 फूट, म्हणजे दोन हातांहून थोडा अधिक, आत आला तर बरोबर एक गुंठा जातो. हा हिशेब आधीच करावा. वाद किती ताणायचा हे त्यावरून ठरवता येते.

त्यानंतर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करावा. अर्जात लगतच्या सर्व खातेदारांची नावे व पत्ते अचूक द्यावेत, कारण ज्याला नोटीस पोहोचली नाही तो पुढे त्याच मुद्द्यावर हरकत घेतो. तारीख शक्यतो पीक निघाल्यानंतरची यावी, असे पाहावे. उभ्या उसात मोजणी मागवणे म्हणजे फी पाण्यात घालणे आहे. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाशी हुज्जत न घालता आपले म्हणणे जबाबात लिहून द्यावे आणि नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दीच्या नकाशाची प्रत, घ्यावी. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते.

येथे एक गैरसमज हमखास आढळतो. मोजणी खाते हद्द दाखवते. शेजाऱ्याचा ताबा काढून देत नाही. कायदेशीर मार्ग न अवलंबता ताबा घेतला गेला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. ही मुदत फार चटकन सरते, म्हणून गावातल्या बैठका चालू असतानाही तारखेवर लक्ष असावे. ती हुकली तर मालकीच्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि शेजाऱ्याने बारा वर्षे उघडपणे, मालकी नाकारून ताबा ठेवला असेल तर तो विरुद्ध ताब्याचा बचाव घेऊ शकतो.

समझोता झाला तर तो कागदावर उतरवावा, 'क' प्रतीची नक्कल जोडावी आणि दोघांच्या सह्यांबरोबर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. कुंपण हद्दीच्या रेषेवर न घालता आपल्या बाजूला फूटभर आत घ्यावे आणि पहिला खड्डा शेजारी समोर उभा असताना खणावा.