मोटरीला ओहमचा नियम लावताना या चुका टाळा

व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, दोघांना गुणलं की पॉवर. एवढ्याच भांडवलावर मोटरीचं निदान करायला निघणारे नवखे वायरमन पाहिले की राग येतो, कारण भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

निफाडकडच्या बोअरवर हमखास घडणारा प्रकार घ्या. द्राक्षाची खरड छाटणी झालेली, बागेला पाणी हवं, आणि १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल नुसती गुणगुणते, उचलत नाही. पोरगा हिशेब मांडतो: २३० व्होल्टला ७ अँपिअर, म्हणजे ३३ ओहम हवेत. मल्टिमीटरवर रनिंग वाइंडिंग ३ ओहम दाखवतं. लगेच निकाल: वाइंडिंग शॉर्ट, मोटर भरायला (नवीन वाइंडिंगला) टाका! पाइप उपसण्यात दिवस जातो, मजुरी जाते आणि मोटर ठणठणीत निघते. गेलेला असतो तो पॅनेलमधला कंडेन्सर, म्हणजे मोटरीला उठवणारा कपॅसिटर.

एसीवर चालत्या मोटरीचा भागाकार इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण अडथळा, देतो. त्यात तारेचा वाटा थोडा. बाकीचा करंट अडवते ती चुंबकीय क्षेत्राची आणि फिरत्या रोटरची करामत. मल्टिमीटर डीसीवर मोजतो, त्याला फक्त तांब्याची तार दिसते. हे दोन आकडे जुळणारच नाहीत.

म्हणून पाइपाला हात लावण्याआधी मेन बंद करा, कंडेन्सर डिस्चार्ज करा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा दुसरा लावून पाहा. तरीही मोटर उठली नाही, तर पुन्हा मेन बंद करून तिच्या तिन्ही वायरी (कॉमन, रनिंग, स्टार्टिंग) सोडवा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो, तो प्रत्येक मापातून वजा करा. कॉमन-रनिंग ३ ओहम आणि कॉमन-स्टार्टिंग ७ आले, तर रनिंग-स्टार्टिंग १० च्या आसपास यायला हवं. केबल लांब असेल तर थोडं कमी येईल, कारण पहिल्या दोन मापांच्या बेरजेत केबल एकदा जास्त मोजली जाते. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग ते अर्थ तपासा. आधीची मापं जुळली नाहीत किंवा हे १ मेगाओहमच्या खाली आलं, तरच मोटर वर काढायचा विचार करा. याला पाऊण तास लागतो, आणि घाई करणारे नेमका तोच वाचवतात.

सातपूरच्या शेडमधली ५ एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टला ७.५ अँपिअर घेते, तेव्हा नुसत्या गुणाकाराने ३११२ वॅट येतात. कोणी त्याला तीनने गुणून ९ किलोवॅटच्या वर नेतो. दोन्ही चूक. लाइन व्होल्टेज × लाइन करंट × १.७३ × पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरमधला खऱ्या वॅटचा हिस्सा); तो ०.८ धरला तर सुमारे ४३०० वॅट. हे आत जाणारे वॅट. प्लेटवरचे ५ एचपी, म्हणजे ३७३० वॅट, शाफ्टवर मिळतात.

व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, हे लोड ओढणाऱ्या मोटरीचं खरं. गीझरचा उलट कमी होतो: २००० वॅटची कॉइल १९० व्होल्टला जेमतेम १३६५ वॅट देते. त्यामुळे २३० गृहीत धरू नका, चालू लोडवर मोजा.

तारेच्या (फिलामेंट) बल्बचे वॅट थंड असतानाच्या रेझिस्टन्सवरून काढू नका. १०० वॅटचा बल्ब थंड असताना ४० ओहमच्या आसपास असतो, पेटल्यावर ५२९.

टाँग टेस्टरमध्ये (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये) एकच वायर घ्या. फेज-न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर शून्य दिसेल.

मिलिअँपिअरने थेट भागू नका, आधी अँपिअर करा. १२ व्होल्ट, २० मिलिअँपिअर: १२ भागिले ०.०२, उत्तर ६०० ओहम.

आणि मल्टिमीटरने करंट मोजून झाला की लाल पिन त्याच क्षणी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावा. १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिली आणि पुढच्या माणसाने बोर्डाचं व्होल्टेज मोजलं, तर तो सरळ शॉर्ट आहे.