रात्रीची गोळी सीपॅपच्या मास्कशेजारी ठेवा

स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधूनमधून थांबणं) आहे आणि नसांच्या दुखण्यासाठी रात्री प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन चालू आहे, अशांची नेहमीची अडचण: जेवण झालं, गोळी घेतली, टीव्हीसमोर डोळा लागला आणि सीपॅपचा (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क खुंटीवरच राहिला. मास्क खरा गरजेचा असतो तो याच झोपेत.

१. गोळ्यांची डबी स्वयंपाकघरातून हलवा, उशाशी मास्कजवळ ठेवा.
२. दात घासणं, यंत्राच्या ह्युमिडिफायरमध्ये (हवा दमट करणाऱ्या टाकीत) डिस्टिल्ड वॉटर भरणं आधी उरका. गुंगी चढल्यावर हे हमखास राहतं.
३. अंथरुणावर बसून गोळी घ्या, लगेच मास्क चढवा. वाचायचं असेल तर मास्क लावूनच वाचा.

डॉक्टरांनी गोळीची वेळ ठरवून दिली असेल तर बदलण्याआधी त्यांना विचारा.

एक काळजी मात्र घ्याच. या दोन्ही औषधांनी काहींचा श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) 2019 मध्ये दिला होता. सोबत ट्रॅमाडॉल (एक तीव्र वेदनाशामक) किंवा झोपेची गोळी असेल तर धोका वाढतो. दुखण्याचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल आवर्जून सांगा. गोळी मनाने अचानक बंद करू नका.