घाट उतरून आलात? आधी जमाखर्चाचं बघा

कुंभार्ली घाट उतरून मी २००९ साली दापोली तालुक्यात राहायला आलो. गावात माझी ओळख अजूनही 'ते घाटावरचे' अशीच आहे आणि ती आता बदलेल असं वाटत नाही. नवीन येणारी मंडळी माझ्याकडे विहिरीचं पाणी, फुरसं (इथला विषारी साप) आणि गडी या तीन गोष्टी विचारायला येतात. हिशेबाचं कोणी विचारत नाही. ते सुचतं दुसऱ्या मे महिन्यानंतर, हातात दलालाच्या पट्ट्यांचा, म्हणजे आंबा विकून तो देतो त्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचा, गठ्ठा आला की.

शहरात तुमचा पगार एक तारखेला व्हायचा आणि मोबाइलमधलं ॲप बँकेचे मेसेज वाचून खर्च मांडून द्यायचं. इथे ते ॲप आंधळं होतं. हर्णै बंदरातल्या लिलावात घेतलेली सुरमई रोखीत, बेणणीची (बागेतलं गवत काढण्याची) मजुरी रोखीत, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, निम्मी खरेदी रोखीत. पतसंस्थेचं पासबुक तर हातानेच उतरवून घ्यावं लागतं. वर रेंज कधी असते, कधी नसते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला येऊन गेलं, त्यानंतर आमच्या वाडीत वीज यायला महिना लागला. जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून मी हिशेब बघू शकत होतो. ज्यांचा सगळा हिशेब नेटवर होता ते दापोलीला जायला एसटी कधी सुरू होते याची वाट बघत होते. तेव्हा पहिली अट हीच: हिशेबाचं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर बसणारं हवं आणि नेट नसताना उघडायला हवं.

क्विकनसारखी अमेरिकन सॉफ्टवेअरं तिकडच्या बँकांशी जोडलेली असतात, आपल्याला त्याचा काय उपयोग? टॅली दुकानदारासाठी उत्तम, घरासाठी म्हणजे बांगडा कापायला कोयता. उरतात ती फुकट मिळणारी तीन-चार. नुसती पेन्शन आणि घरखर्च एवढंच असेल तर होमबँक घ्या, एका संध्याकाळीत हाताखाली येतं. मनी मॅनेजर ईएक्स पेन ड्राइव्हवरूनही चालतं, मुलाच्या लॅपटॉपवर बसून काम करणाऱ्यांना ते बरं. पण आंब्याची कलमं घेतली असतील, तर सरळ ग्नूकॅशच घ्या. सुरुवातीला डोकं पिकवतं, हे मान्य. तरी का, ते एका पट्टीवरून सांगतो.

ऑगस्टमध्ये, कल्टार (मोहोरासाठी कलमांना द्यायचं औषध) घालायच्या वेळी, दलालाकडून ३०,००० उचल घेतली. एप्रिलमध्ये २० पेट्या पाठवल्या, पेटीला २,५०० भाव लागला, म्हणजे ५०,०००. भाडं-हमालीचे ३,५०० गेले, उचलीपोटी ३०,००० वळते झाले आणि बँकेत १६,५०० आले. नवखा माणूस काय करतो? ऑगस्टचे तीस हजार 'उत्पन्न' म्हणून लिहितो आणि एप्रिलचे साडेसोळाही 'उत्पन्न' म्हणूनच. आंबा ५०,००० चा विकला आणि वाटेत साडेतीन हजार गेले, हे त्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. उचल हे देणं आहे, कमाई नाही! ग्नूकॅशमध्ये 'देणं: दलाल' असं खातं उघडायचं. मग ती पट्टी एकाच नोंदीत चार ओळींत बसते: आंबा ५०,०००, भाडं-हमाली ३,५००, दलाल ३०,०००, बँक १६,५००. जमा-नावे जुळलं नाही तर उरलेली रक्कम ते स्वतःच 'इम्बॅलन्स' नावाच्या खात्यात टाकतं आणि रोज आपल्या तोंडासमोर ठेवतं. माझ्या एका पट्टीत भाडं दोनदा कापलेलं असंच सापडलं. फोन केल्यावर पुढच्या पट्टीत वळतं करून मिळालं.

वर्षाचं गणितही इथे वेगळं. हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही अंगांना सांडतो. मोहोराची फवारणी एका आर्थिक वर्षात आणि निम्मा आंबा दुसऱ्यात. बाग फायद्यात आहे का हे बघायला अहवालाच्या तारखा जून ते मे अशा घाला, आयकरासाठी एप्रिल ते मार्च. शेतीचं उत्पन्न करमाफ असलं, तरी दुसरं उत्पन्न करमर्यादेच्या वर असेल आणि शेतीतून निव्वळ ५,००० च्या वर सुटत असतील, तर कराचा दर काढताना ते धरतात. म्हणून दोन्ही अहवाल लागतात.

लाइट गेल्याचं थोडं सांगतो. डेस्कटॉप असेल आणि मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी ग्नूकॅश म्हणतं की फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवली आहे. माझ्या बायकोने पहिल्यांदा माझ्याकडेच संशयाने बघितलं होतं. घाबरू नका, मागची कुलूप-फाइल तशीच राहिलेली असते, 'तरीही उघडा' म्हणायचं. फाइल साठवताना एसक्यूलाइट हा प्रकार निवडलात तर प्रत्येक नोंद त्याच क्षणी जतन होते. ऑक्टोबरात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, विजेची आणि मोडेमची दोन्ही वायर काढून ठेवा. आमचा एक मोडेम त्यातच गेला. बॅकअपचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच खणात ठेवणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पहिल्या पावसाळ्यात बुरशीच बोलते. एक प्रत गावाबाहेर, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे असू द्या.

भाषा मराठी निवडता येते, कोकणीही आहे. मी मात्र मेनू इंग्रजीच ठेवलाय आणि खात्यांची नावं आपली: आगोट, गणपती, शिमगा, बेणणी, गड्यांची मजुरी. कॅनिंगच्या, म्हणजे रस डबाबंद करायला कारखान्यात जाणाऱ्या, आंब्याचं खातं वेगळं ठेवा, तो किलोवर जातो, पेटीच्या भावात मिसळला तर सरासरीला अर्थ राहत नाही. मासळीची रोजची नोंद करू नका, आठवड्यातून एकदा रोकड मोजा आणि फरक मासळीवर टाका. आमच्यात तरी तो तिथेच गेलेला असतो.

सुरुवात मिरगाच्या, म्हणजे जूनच्या, पावसात करा, तेव्हा हाताला वेळ असतो. पहिली नोंद घरातल्या रोकडीची, त्यासाठी सगळे डबे उघडावे लागतात. आमच्याकडे तांदळाच्या पिंपामागे ३,२४० रुपये निघाले. ते कोणी ठेवले यावर घरात अजून एकमत नाही, त्यामुळे इतकी वर्षं ते 'इम्बॅलन्स'मध्येच पडून आहेत.