सामंजस्य करार सहीपूर्वी कसा वाचावा

बोलताना आपण सर्रास ‘एमओयू’ (मेमोरँडम ऑफ अंडरस्टँडिंग) म्हणतो आणि कागदावर ‘सामंजस्य करार’ असे लिहितो. पहिली गफलत या मराठी नावातच आहे. मूळ संज्ञेचा रोख दोन पक्षांत काय समजूत झाली आहे याची नोंद ठेवण्यावर आहे, ‘करार’ हा शब्द मराठीत येताना तिला जोडला गेला. परिणामी एक पक्ष ‘करार झाला’ म्हणून निर्धास्त राहतो आणि दुसरा ‘हा तर नुसता एमओयू आहे’ म्हणत बेफिकीरपणे सही करतो. दोघांचाही अंदाज चुकू शकतो, कारण कागद बंधनकारक आहे की नाही हे त्याच्या मथळ्यावरून ठरत नाही. आत काय लिहिले आहे आणि त्यानंतर पक्ष कसे वागले, हे न्यायालये पाहतात.

म्हणून मथळा सोडून थेट क्रियापदांपाशी जावे. समजा, एका मसुद्यात असे वाक्य आहे: ‘पुरवठादार दरमहा ५०० नग पुरवील.’ त्याच जागी ‘पुरवण्याचा प्रयत्न करील’ असे असते तर जबाबदारी निम्म्याने उतरली असती आणि ‘पुरवण्याचा मानस आहे’ असे असते तर जवळजवळ काहीच उरले नसते. मसुदा हातात आल्यावर पेन्सिल घेऊन ‘करील’, ‘राहील’, ‘देणे बंधनकारक असेल’ अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढावी आणि ‘मानस’, ‘अपेक्षा’, ‘यथावकाश’, ‘परस्पर संमतीने ठरवण्यात येईल’ या शब्दांभोवती गोल करावा. काम कंटाळवाणे असले तरी आपण नेमके कशाला बांधले जात आहोत याचे चित्र त्यातून जितके स्पष्ट होते, तितके प्रस्तावनेतील मैत्रीपूर्ण परिच्छेद दहा वेळा वाचूनही होत नाही.

यानंतर ‘हा दस्तऐवज कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक नाही’ हे कलम शोधावे आणि त्याला जोडलेले अपवाद वाचावेत. बहुतेक मसुद्यांत गोपनीयता, खर्चाची वाटणी, लागू होणारा कायदा, वाद सोडवण्याची पद्धत आणि ठरावीक काळ तिसऱ्याशी बोलणी न करण्याची अट एवढी कलमे बंधनकारक ठेवून बाकीचा भाग मोकळा सोडलेला असतो. असे कलम न्यायालये मानतात. इंग्लंडमधील ‘रोझ अँड फ्रँक विरुद्ध क्रॉम्प्टन’ या प्रकरणात १९१३ मधील व्यापारी व्यवस्थेच्या कागदावर पक्षांनी स्वतःच लिहिले होते, की हा कायदेशीर करार नसून परस्परांच्या प्रतिष्ठेवर विसंबून केलेली नोंद आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेथील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मुख्य व्यवस्था बंधनकारक मानली नाही. मात्र तिच्या आधारे दिलेल्या आणि स्वीकारल्या गेलेल्या मालाच्या मागण्या हे स्वतंत्र, बंधनकारक करार ठरले. मूळ कागद मोकळा असला तरी त्याखाली होणारी प्रत्येक खरेदी मोकळी राहत नाही, एवढे यातून लक्षात ठेवावे.

असे कलमच नसेल, किंवा असूनही भाषा दुटप्पी असेल, तर धोका कुठवर जातो याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. जानेवारी १९८४ मध्ये पेन्झॉइल आणि गेटी ऑइल या तेल कंपन्यांत खरेदीच्या मुख्य अटी ठरल्या. ‘तत्त्वतः सहमती’ झाल्याचे प्रसिद्धीपत्रक निघाले आणि सविस्तर करार मागाहून व्हायचा होता. तो होण्याआधीच टेक्सॅको या तिसऱ्या तेल कंपनीने जास्त भाव देऊन गेटी ऑइल घेतली. बंधनकारक करार झालाच नव्हता, असा टेक्सॅकोचा बचाव होता. ज्युरीने तो फेटाळला आणि १९८५ मध्ये १० अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. पुढे टेक्सॅकोला दिवाळखोरीचे संरक्षण मागावे लागले आणि अखेर ३ अब्ज डॉलरवर तडजोड झाली. किंमत, वस्तू आणि पक्ष हे तिन्ही ठरलेले असले की ‘सविस्तर करार नंतर’ एवढ्या शब्दांवर विसंबणे जोखमीचे आहे. अंतिम करारावर सह्या होईपर्यंत कोणताही पक्ष बांधील नाही, असे स्वतंत्र आणि निःसंदिग्ध वाक्य घालून घ्यावे. शिवाय बातमी प्रसिद्धीला देताना ‘करार झाला’ असे म्हणू नये. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात, कारण प्रसिद्धीचे काम करणाऱ्याने मसुदा वाचलेलाच नसतो.

तिसऱ्याशी बोलणी न करण्याच्या कलमाला मुदत आहे का, हे वेगळे तपासावे. ‘वॉलफर्ड विरुद्ध माइल्स’ या १९९२ च्या निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले, की नुसते ‘सद्भावनेने वाटाघाटी करू’ हे वचन अंमलात आणता येत नाही. इतरांशी बोलणी न करण्याचे वचन मात्र ठरावीक मुदतीसाठी आणि मोबदल्यासह दिले असेल तर अंमलात आणता येते. त्या प्रकरणात मुदतच लिहिलेली नव्हती. याउलट फ्रान्सच्या दिवाणी संहितेत, २०१६ च्या सुधारणेनंतर, वाटाघाटी सद्भावनेने करणे हे कायद्यानेच आवश्यक ठरवले आहे. सारखेच शब्द एका देशात पोकळ आणि दुसऱ्या देशात वजनदार ठरू शकतात. त्यामुळे पक्ष वेगवेगळ्या देशांतील असतील, तर शेवटच्या पानावर दडलेले लागू कायद्याचे कलम सर्वांत आधी वाचावे, असे माझे मत आहे.

सही झाल्यावरचे वागणे हा तर बहुतेकांच्या ध्यानातून सुटणारा भाग आहे. मुदत संपते, अंतिम कराराचा मसुदा ईमेलमधून फिरत राहतो आणि तेवढ्यात काम सुरू होते, माल जातो, हप्ते मिळतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१० मध्ये आलेल्या ‘आरटीएस विरुद्ध म्युलर’ या प्रकरणात असेच झाले होते: इरादापत्राची (करार करण्याचा इरादा नोंदवणाऱ्या प्राथमिक पत्राची) मुदत संपली, सविस्तर करारावर सही झालीच नाही, काम मात्र चालू राहिले, आणि पक्षांच्या वागण्यावरून त्यांच्यात करार झाला असल्याचे न्यायालयाने ठरवले. सहीशिवाय करार नाही, ही अट त्यांनी वागण्यातूनच सोडून दिली, असेही न्यायालयाने मानले. म्हणून मुदत संपण्याच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची नोंद दिनदर्शिकेत करावी. तोवर अंतिम करार झाला नाही, तर लेखी मुदतवाढ घ्यावी किंवा काम थांबवावे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हे संचालक मंडळाच्या ठरावावरून किंवा अधिकारपत्रावरून पाहावे. ‘परिशिष्ट अ’चा उल्लेख असेल तर ते जोडलेले आहे का ते पाहावे, पुष्कळदा ते ‘नंतर पाठवतो’ या अवस्थेतच राहते. गोपनीयतेचे कलम एमओयू संपल्यावरही किती काळ लागू राहील आणि दिलेली कागदपत्रे, नमुने व आराखडे कोण, किती दिवसांत परत करील किंवा नष्ट करील, हे आकड्यांत लिहून घ्यावे. बोलणी फिसकटल्यावर ही वाक्ये गोड शब्दांत मागता येत नाहीत.