अलॉय बसली म्हणजे जुळली असं नाही: पीसीडीच्या या चुका टाळा

मेहुण्याच्या स्विफ्टला जुन्या बाजारातून चार अलॉय (मिश्रधातूच्या रिम) घेतल्या. चार भोकं, चौदा इंची, टायरही बरे. पहिला नट छान बसला, दुसराही बसला, शेवटचा मात्र पान्यावर पाय देऊन आवळावा लागला. आठवड्याभराने खंबाटकी उतरताना स्टिअरिंग थरथरायला लागलं. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर पुढच्या चाकाचे दोन नट हाताने फिरत होते. रिम फियाट पॅलिओची होती.

स्विफ्टचं पीसीडी 100 मिमी, पॅलिओचं 98. पीसीडी म्हणजे सगळ्या स्टडच्या (ज्यांवर नट आवळतो त्या आट्याच्या दांड्यांच्या) मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. दोन मिलिमीटरने काय होतं, असं वाटतं. पण पहिला नट आवळला की तो रिमला आपल्याकडे ओढतो, आणि सगळा फरक समोरच्या स्टडवर येऊन पडतो. तिथला नट रिमवर नीट टेकत नाही, स्टडला वाकवत घट्ट होतो. हाताला ‘घट्ट’ लागतं ते वाकलेल्या स्टडमुळे. गाडी चालली की तो सैल पडतो. म्हणून नट आवळला गेला हा माप जुळल्याचा पुरावा कधीच धरू नका.

भोकं मोजून थांबू नका. चार भोकांच्याच गाड्या पाहा: स्विफ्ट, बलेनो, होंडा सिटी, आय20 या 100 च्या, इकोस्पोर्ट आणि फिगो 108 च्या, जुनी मारुती 800 तर 114.3 ची. पाच भोकांत पोलो 100, ऑक्टाव्हिया 112, ब्रेझा, क्रेटा आणि इनोव्हा 114.3, जिप्सी 139.7. (114.3 हा विचित्र आकडा म्हणजे साडेचार इंच, आणि 139.7 म्हणजे साडेपाच.) ‘मारुतीचीच आहे, बसेल’ हे वाक्य दुकानात ऐकलं तरी सोडून द्या. ब्रेझा आणि स्विफ्ट दोन्ही मारुतीच आहेत.

पाच भोकांचं माप समोरासमोर घेऊ नका. चार किंवा सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की झालं. पाचात मात्र समोर भोकच नसतं, आणि अंदाजाने धरलेलं माप हमखास चुकतं. शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घ्या आणि 1.701 ने गुणा. मध्य सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येतं. 58.8 आलं तर 100, 63.5 तर 108, 65.8 तर 112, 67.2 तर 114.3. शेवटच्या दोघांत जेमतेम 1.4 मिमीचा फरक आहे. शिंप्याच्या टेपने तो कळणार नाही, व्हर्निअर कॅलिपर लागतो.

आठ किंवा दहा भोकांच्या ‘डबल पीसीडी’ रिमवर दोन मापं असतात. आपला संच कुठला ते खडूने खुणावून घ्या.

पीसीडी बरोबर, तरी ऐंशीच्या पुढे थरथर? मग मधलं भोक बघा. स्विफ्टच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) गोल 54.1 मिमीचा, सिटीचा 56.1 चा. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक 73.1 चं असतं. मधली फट भरायला हब रिंग मिळते, स्वस्त असते आणि दुकानदार बहुधा स्वतःहून देत नाही. मागून घ्या. ती नसेल तर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, पैसे वायाच. उलट मधलं भोक हबपेक्षा लहान निघालं, तर ती रिम तिथेच परत करा.

नट दोन-तीन फेऱ्यांत अडला तर जोर लावू नका. मारुतीच्या स्टडचा आटा 12 बाय 1.25 (12 मिमी जाडी, दोन आट्यांत 1.25 मिमी अंतर), होंडा-ह्युंदाईचा 12 बाय 1.5. वरून दोन्ही नट सारखेच दिसतात. एअर गनने दाबून बसवला की आटा गेला, आणि मग स्टड बदलावा लागतो. नेहमी पहिल्या फेऱ्या हाताने. नटाचं तोंडही बघा: होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलसर असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूसारखी लागते. चुकीच्या बैठकीत नट कडेवर टेकतो आणि हळूहळू सैल होतो.

चाक हवेत असताना नट समोरासमोर, थोडे थोडे आवळा, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकवून, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) द्या. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आणि मूळ नट भंगारात देऊ नका. डिकीतली स्टेपनी अजून लोखंडी आहे, रात्री पंक्चर झालं की तिला तेच लागतील. एका पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवा.