शेंगदाण्यातलं बुरशीचं विष: दाणे घ्यायचे कसे, निवडायचे कसे, ठेवायचे कसे

आपल्याकडे महिन्याला किती दाणे संपतात याचा हिशोब कोणी ठेवत नाही, खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, डब्यात चटणी, उपासाला लाडू आणि पोरं येताजाता मूठभर तोंडात टाकतात ते वेगळंच. म्हणूनच या एका जिनसाबद्दल शास्त्रज्ञांनी गेल्या साठेक वर्षांत जे शोधून काढलंय ते प्रत्येक स्वयंपाकघरात पोचलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातलं बरंचसं काम आपल्या हातांनी, पैसे न घालता करता येतं.

विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या दोन बुरशी ते मुख्यतः तयार करतात, आणि दाणे, मका, सुकी मिरची, सरकी हे त्यांचं आवडतं खाद्य. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, आधी वाटलं कसला तरी नवा रोग आलाय, शोधता शोधता लक्षात आलं की ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतच हे विष होतं. आपल्याकडचा प्रकार जास्त भयानक आहे. १९७४ साली राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल या पट्ट्यात काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मका भिजला, नीट वाळला नाही, आणि गरीब आदिवासी कुटुंबांकडे दुसरं धान्य नव्हतं म्हणून तोच खाल्ला गेला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, जवळपास ४०० लोक आजारी पडले आणि १०६ जण गेले. त्याच घरांतल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी गावात जाऊन तपास केला तेव्हा कारण मक्यातली बुरशी निघालं.

घाबरवायचं नाहीये. एखादा खराब दाणा चुकून गेला म्हणून कोणाला काही होत नाही. खरा त्रास आहे तो वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाण्याचा, त्याचा मारा लिव्हरवर होतो, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने म्हणजे आयएआरसीने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये.

सगळ्यात आधी: भाजलं की झालं, हे डोक्यातून काढा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे लक्षात ठेवा. भाजल्यावर बुरशी मरते, विष मात्र राहतं. अफ्लाटॉक्सिन पूर्ण नष्ट व्हायला साधारण २५० अंशांच्या वरची उष्णता लागते, कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि कढईत दाणा आतपर्यंत तेवढा तापवला तर त्याचा कोळसा होईल. भाजल्याने काही प्रमाणात विष कमी होतं हे खरंय पण किती कमी होईल याचा भरवसा नाही. म्हणजे जे काही करायचं ते भाजायच्या आधी. थोडे कुबट वासाचे दाणे आहेत, चला जरा जास्त भाजू आणि चटणीला वापरून टाकू, हा विचार अगदी सगळीकडे चालतो आणि तोच मोडायला हवा, कारण लसूण-तिखटाने वास झाकला जातो, विष मात्र ताटात येतंच.

खरेदी करताना

शक्यतो अख्खे दाणे घ्या, तुकडा स्वस्त मिळतो पण फुटलेल्या दाण्यात बुरशीला आत शिरायला वाट मोकळी असते. वाण्याकडे सुटे दाणे घेत असाल तर पोत्यात वरवर दिसतात ते नको, हात आत घालून मूठभर काढा, वास घ्या, कुबट किंवा ओलसर मातीसारखा वास आला तर सरळ नाही म्हणा. दोन दाणे हातात घेऊन चोळा आणि एक फोडून बघा, नीट वाळलेला दाणा टचकन तुटतो, सादळलेला चिवट लागतो आणि दबतो. पाकीट घेत असाल तर पॅकिंगची तारीख बघा आणि पाकिटाच्या आत बाष्प धरलेलं दिसलं तर ठेवून द्या. आणखी एक, पावसाळ्याच्या तोंडावर वर्षाचे दाणे भरून ठेवायची सवय असेल तर ती बदला, पावसाळ्यात पंधरा दिवस पुरतील एवढेच आणा.

तयार कूट आणि सुट्टी चटणी याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, रोजच्या वापराला विकत आणू नका. एकदा दळलं की डोळ्यांनी तपासायला काही उरतच नाही.

निवडणं, हेच खरं काम

इथे संशोधनातली एक गोष्ट सांगतो जी कळल्यावर मी दाणे निवडण्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो. हे विष पोत्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. अमेरिकेत नमुने कसे घ्यावेत यावर वर्षानुवर्षं काम झालंय, त्यात दिसलं की खराब मालातही साधारण हजारात एखादाच दाणा विषारी असतो, पण तो एक भलताच विषारी असू शकतो. सगळ्यात वाईट दाण्यांमध्ये किलोमागे १० लाख मायक्रोग्रॅमच्या (म्हणजे एका ग्रॅमच्या) घरात विष मोजलं गेलंय. आता एफएसएसएआयची, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा बघा, पुढे प्रक्रिया होणाऱ्या दाण्यांसाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, थेट खायच्या दाण्यांना १०. हिशोब करा, तसल्या अर्ध्या ग्रॅमच्या दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष, म्हणजे तो एक दाणा तीस किलोचं पोतं मर्यादेबाहेर न्यायला पुरेसा आहे! आणि याचीच चांगली बाजू अशी की ते थोडेसे दाणे काढले तर विषाचा मोठा भाग त्यांच्याबरोबर बाहेर जातो. मोठ्या कारखान्यांत यासाठी रंग ओळखून दाणे उडवणारी मशिनं असतात, घरी आपले डोळे आहेत.

कसं करायचं ते सांगतो. आधी सुपात घेऊन पाखडा, पोचट आणि हलके दाणे, फोलपटं, माती तिथेच निघून जाते. मग मोठ्या पांढऱ्या ताटात किंवा परातीत एका थरात पसरा, ढीग नको, आणि खिडकीपाशी उजेडात बसा, ट्यूबलाईटखाली हिरवट झाक दिसत नाही. आता काय काढायचं? सुरकुतलेले आणि बारीक राहिलेले, किडके, फुटलेले, साल काळपट किंवा जांभळट डागाळलेली, अंकुर फुटलेले, आणि ज्यांवर हिरवट-पिवळट किंवा करड्या रंगाची पूड दिसतेय ते तर नक्कीच. शंका आली तर काढा. किलोमागे मूठभर गेले म्हणून जीव तुटतो कळतं मला, पण ती मूठ ठेवण्यासारखी नसते.

दुसरी फेरी भाजल्यानंतर. ही बरेच जण करत नाहीत आणि ती फार महत्त्वाची आहे. मंद आचेवर भाजून, गार करून, साले चोळून काढली की दाण्याचं खरं अंग दिसतं. चांगला दाणा सगळीकडून सारखा बदामी होतो, खराब असतो तो मधेच गडद तपकिरी, काळपट नाहीतर डागाळलेला राहतो. दोन डाळिंब्या वेगळ्या करून आतल्या पोकळीत बघा, कधी कधी वरून एकदम ठणठणीत दिसणाऱ्या दाण्याच्या आत बुरशीची करडी जाळी असते. प्रत्येक दाणा फोडायची गरज नाही, पण साले काढताना अर्धे दाणे आपोआप फुटतातच तेव्हा नजर ठेवा.

खाताना एखादा दाणा कडू किंवा कुबट लागला तर गिळू नका, थुंकून चूळ भरा, लहान मुलांनाही हे शिकवा. खवट लागणं ही थोडी वेगळी भानगड आहे, ते तेल जुनं झाल्यामुळे होतं, बुरशीमुळेच होतं असं नाही, पण खवट दाणे म्हणजे जुने दाणे, तेही नकोच.

ऑनलाईन हल्ली निळा-जांभळा यूव्ही टॉर्च विकतात आणि सांगतात की चमकला तर विष. प्रयोगशाळेत वेगळं काढलेलं अफ्लाटॉक्सिन यूव्ही प्रकाशात निळं-हिरवं चमकतं हे खरंय, पण अख्ख्या दाण्यावर टॉर्च मारून ते ओळखता येत नाही, दुसऱ्याही गोष्टी चमकतात आणि आत लपलेलं दिसत नाही. पैसे वाया घालवू नका.

ठेवायचं कसं

बुरशीला लागतो ओलावा आणि ऊब. हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली आणि तापमान २५ ते ३५ अंश असलं की तिची चंगळ, म्हणजे मुंबई-कोकण-गोव्यातला जुलै-ऑगस्ट अगदी नेमका. दाण्यातला ओलावा ७-८ टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. त्यामुळे दाणे आणले की कडक उन्हात दोन-तीन तास पसरा, ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर नुसते गरम करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा. गरम असताना डबा बंद केलात तर आतच वाफ धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. ओला चमचा, ओला हात डब्यात नाही. गोणी असेल तर जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळी घाला.

जागा असेल तर फ्रीज उत्तम, १० अंशांच्या खाली ही बुरशी जवळजवळ गप्प बसते. फक्त फ्रीजमधून डबा काढल्यावर लगेच उघडू नका, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट हवा आत जाऊन थंड दाण्यांवर पाणी धरतं. कूट आठवड्यापुरतंच करा आणि तेही फ्रीजमध्ये.

तेल, पेंड आणि दूध

घाण्याचं तेल सध्या सगळ्यांना हवंय आणि चव खरंच छान असते, पण त्यात रिफायनिंग होत नाही, म्हणून घाण्यात टाकलेले दाणे कसे होते यावर सगळं अवलंबून आहे. रिफाईंड तेलात अल्कली आणि ब्लीचिंगच्या टप्प्यांत हे विष जवळपास निघून जातं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की काचेतून ऊन दिलं तर शेंगदाणा तेलातलं अफ्लाटॉक्सिन बरंचसं मोडतं, पण घरी हा उपाय करू नका, उन्हाने तेल खवटही होतं आणि किती विष गेलं ते कळायला मार्ग नाही. घाण्यावर स्वतःचे निवडलेले दाणे नेऊन तेल काढून आणता आलं तर सगळ्यात चांगलं, नाहीतर घाणेवाल्याला माल दाखवायला सांगा, बरेच जण दाखवतात.

आणि तेल काढल्यावर विषाचा मोठा वाटा राहतो पेंडीत. ती पेंड गाय-म्हैस खाते, पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी-वनचा (हा त्यातला सगळ्यात विषारी प्रकार) साधारण १ ते ६ टक्के भाग एम-वन या दुसऱ्या रूपात दुधात उतरतो, आणि दूध उकळून किंवा पाश्चराईज करून तो जात नाही. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते, त्यात भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त १२, आणि एम-वन मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ मध्ये. आपण युरिया आणि डिटर्जंटची चर्चा करत बसतो, खरं लक्ष पेंडीकडे द्यायला हवं. म्हणून निवडताना बाजूला काढलेले खराब दाणे गोठ्यात नेऊन टाकू नका, कोंबड्यांना-पाखरांना घालू नका, खड्ड्यात पुरा. गोठा असेल तर बुरशी आलेली पेंड आजच थांबवा, तीन-चार दिवसांत दुधातलं प्रमाण खूप खाली येतं.

घरचा भुईमूग असेल तर

बुरशी मातीतच असते आणि पिकाच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाणी तुटलं, जमीन तापली की ती शेंगेत शिरते, म्हणून तेव्हा एक पाणी देता आलं तर जरूर द्या. आऱ्या (फुलातून जमिनीत जाऊन शेंग धरणारे देठ) धरताना जिप्सम दिलं की टरफल भक्कम होतं. हुमणी, वाळवीने कुरतडलेल्या आणि खुरप्याने कापल्या गेलेल्या शेंगा वेगळ्या ठेवा, चांगल्यांत मिसळू नका. उपटलेले वेल शेंगा वर करून उलटे ठेवा म्हणजे शेंगा मातीला टेकत नाहीत आणि लवकर वाळतात, हैदराबादजवळच्या पाटणचेरूतली इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था हेच सांगत आलीये. शेंग कानाशी हलवून खुळखुळ वाजली पाहिजे. आणि फोडायच्या आधी शेंगांवर पाणी मारायची पद्धत आहे ना, दाणा तुटू नये म्हणून, ती कृपा करून बंद करा, वाळवलेल्या मालावर पाणी मारणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

विक्रीसाठी टेस्ट करायची असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब बघा आणि पोत्याच्या तोंडातली मूठ देऊ नका. हजारात एक दाणा खराब असेल तर त्या मुठीत तो नसण्याचीच शक्यता जास्त, रिपोर्ट स्वच्छ येईल आणि माल खराबच राहील. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-खालून काढा, काही किलो जमवा, आणि लॅबला सगळं दळून एकजीव करून मग त्यातलं तपासायला सांगा.

लिव्हरसाठी एक काम

हे स्वयंपाकघरातलं नाही पण टाळून चालणार नाही. शांघायमध्ये १८ हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की शरीरात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा आणि हिपॅटायटिस बी हा लिव्हरचा विषाणू दोन्ही असतील तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका, दोन्ही नसलेल्या माणसापेक्षा जवळपास ६० पट होतो. दाण्यातलं विष शून्यावर आणणं कोणाच्याच हातात नाही पण हिपॅटायटिस बीची लस आहे. बाळांना ती आता सरकारी लसीकरणात जन्मल्यापासून मिळते, देशभर ती सुरू झाली २०११ मध्ये, म्हणजे त्याआधी जन्मलेल्या घरातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना ती मिळालेलीच नसेल. जुनी कार्डं काढून बघा, नोंद नसेल तर डॉक्टरांशी बोला, साधी रक्ततपासणी आणि सहा महिन्यांत तीन डोस एवढंच ते काम आहे.