रिटायर झाल्यावर घरून भाजणीचा धंदा कसा सुरू करायचा आणि गिऱ्हाईक कसं जोडायचं

मी शाळेतून ५८व्या वर्षी रिटायर झाले, सांगलीला विश्रामबागेत राहते आणि गेली चार वर्षं घरून थालीपीठाची भाजणी विकते, जोडीला मेतकूट, आणि सिझनला उपवासाची नि चकलीची भाजणी. दुकान नाही, नोकर नाही. ओळखीतले रिटायर झालेले लोक सारखे विचारतात की कसं सुरू केलं, किती पैसे घातले, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते. उदाहरण भाजणीचंच देणार कारण मला तेच येतं, पण तुम्ही पिको-फॉल करा, रोपं विका नाहीतर शिकवण्या घ्या, हिशोब आणि गिऱ्हाईक जोडायची रीत साधारण हीच लागते.

आधी पैशाची हद्द ठरवा

फंड आणि ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही. हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण या वयात गेलेला पैसा परत कमवायला वर्षं उरलेली नसतात. पोस्टाच्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज येतं, ते पैसे तिथेच राहू द्यात. धंद्यासाठी मी ५,००० रुपये वेगळे काढले आणि यांना सांगून ठेवलं की हे संपले की थांबायचं, वर घालायचे नाहीत. त्यात वजनकाटा, पिशवी बंद करायचं हाताचं सीलिंग मशीन, जाड पाऊच, लेबलं आणि पहिलं धान्य एवढं बसलं. घरघंटी घेऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी नको, कोपऱ्यावरची गिरणी आहे ना. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं हे खरंय पण गिऱ्हाईक किती हे कळायच्या आधी हप्ता कशाला लावून घ्यायचा. आणि कोणी डिपॉझिट भरून एजन्सी घ्या म्हणत घरी आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

बँकेत एक वेगळं खातं उघडा, धंद्याचा यूपीआय त्याच खात्याला जोडा. पेन्शनच्या खात्यात हे पैसे मिसळले की महिन्याच्या शेवटी काही म्हणजे काही कळत नाही.

काय विकायचं ते लोकांनी आधीच सांगितलेलं असतं

आठवून बघा, लोक तुमच्याकडे काय मागून नेतात? माझ्याकडे शाळेत असल्यापासून बायका डब्यातलं थालीपीठ बघून भाजणी मागायच्या. दुसरं असं बघा की ती वस्तू महिन्याभरात संपते का, कारण करंज्या-अनारसे दिवाळीपुरते जातात, पण भाजणीची पुडी संपली की तोच माणूस परत येतो आणि घरगुती धंदा चालतो तो परत येणाऱ्या माणसावर. सुरुवात एकाच वस्तूने करा. मी उत्साहात पहिल्याच महिन्यात पाच पदार्थ केले होते, त्यातले तीन पडून राहिले.

पहिला घाणा छोटा करा, आणि विकायची घाई नको

माझं एका वेळचं, म्हणजे एका घाण्याचं, माप असं: शाळू ज्वारी २ किलो, बाजरी, तांदूळ आणि हरभरा डाळ प्रत्येकी १ किलो, उडीद डाळ अर्धा किलो, धणे पाव किलो, जिरे १०० ग्रॅम. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण शाळूला लागतो तेवढा वेळ जिऱ्याला दिला तर जिरं जळून कडू होतं. भाजलेलं पूर्ण गार करून मग दळायला. गिरणीत आधी मिरची किंवा हळद दळलेली असेल तर त्या दिवशी परत फिरा, आणि सुरुवातीचं मूठ-दोन मूठ पीठ घरी वापरायला बाजूला ठेवा कारण त्यात आधीच्या माणसाचं दळण येतं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वेळी दळण गिरणीतून गरम आलं आणि मी तसंच पाऊचमध्ये भरलं. आतून वाफ धरली, आठवड्यात गुठळ्या झाल्या आणि कुबट वास यायला लागला. आठ पुड्या परत घेतल्या, पैसे परत दिले. तेव्हापासून पीठ रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवते आणि सकाळी चाळून भरते, पावसाळ्यात तर घाणाच अर्धा करते. शिवाय प्रत्येक घाण्यातली एक पुडी मी विकत नाही, तारीख लिहून फळीवर ठेवते, दोन महिन्यांनी उघडून वास बघते, पोरकिडे झालेत का बघते, थालीपीठ लावून खाते. लेबलवर दोन महिने लिहिते ते त्या फळीवरच्या पुड्या बघून लिहिते.

कागदपत्रं, जेवढी लागतात तेवढीच

खायची वस्तू आहे म्हणजे फूड लायसन्स किंवा नोंदणी हवीच, घरून केलं तरी. वर्षाची विक्री १२ लाखांच्या आत असली की लायसन्सऐवजी साधी नोंदणी पुरते, ती फॉसकॉस या सरकारी साइटवर होते, फोटो आणि ओळखपत्र लागतं, मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. १४ आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवर होते आणि फुकट असते, त्याचे पैसे मागणारी साइट सरकारी नाही एवढं लक्षात ठेवा. जीएसटीची भीती घालणारे भेटतील. माल राज्यातल्या राज्यात विकताय आणि उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आहे तर नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर पाठवायला लागलात तर मात्र नियम बदलतो, तेव्हा सीएला विचारा.

लेबलवर काय हवं: पदार्थाचं नाव, कशाकशापासून केलं, निव्वळ वजन, सगळे कर धरून किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, शाकाहारीची हिरवी खूण, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. गिऱ्हाईक हे सगळं वाचतं, विशेषतः तारीख.

किंमत काढताना स्वतःचे कष्ट धरा

इथे जवळजवळ प्रत्येकजण चुकतो, मीही चुकले, म्हणून वहीतले आकडेच देते. दर तुमच्या गावात वेगळे असतील, पद्धत बघा.

वरच्या मापाचं धान्य गणपती पेठेतून साधारण ४३० रुपयांचं येतं. दळणाचे ६०, गॅसचे अंदाजे ६०, पेठेत जाण्या-येण्याचे ६०. एकूण ५,८५० ग्रॅम धान्यातून भाजून, दळून, चाळून हातात साडेपाच किलो येतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या ११ पुड्या. पाऊच आणि लेबल मिळून पुडीला ८, म्हणजे ८८. बेरीज ६९८ रुपये, म्हणजे पुडी पडली साधारण ६४ ला. मी ७० ला विकायला लागले आणि सहा रुपये सुटतात म्हणून खूश होते. पण निवडणं, भाजणं, गिरणीत जाणं, चाळणं, भरणं यात पाच तास जातात, ते मी धरलेच नव्हते! यांनी वही बघितली आणि म्हणाले, अगं ११ पुड्यांचे ६६ रुपये, तेवढ्यासाठी पाच तास? मग तासाला ८० रुपये धरले, ४०० झाले, एकूण १,०९८, म्हणजे पुडी शंभरला पडते. आज मी १२० ला विकते. वरचे २० रुपये नमुने, फाटलेला पाऊच, परत आलेली पुडी यासाठी.

७० चे १२० केल्यावर चार गिऱ्हाइकं गेली. बाकीची राहिली, आणि मी जर ७० वरच राहिले असते तर सहा महिन्यांत कंटाळून बंद केलं असतं. नातेवाइकांनाही किंमत तीच ठेवा, वाटलं तर सणाला एक पुडी भेट द्या, पण उधारी आणि घरच्यांचा भाव असलं काही सुरू करू नका.

गिऱ्हाईक कसं आणायचं

जाहिरातीवर मी एक रुपया घातलेला नाही. पहिले २० गिऱ्हाईक फोनमधूनच आले, म्हणजे जुन्या सहकारी, भिशीच्या मैत्रिणी, आधीच्या बॅचच्या मुलांचे पालक. एकेकीला फोन केला, सगळ्यांना एकच मेसेज ढकलला नाही. फोनवर सांगितलं की असं सुरू केलंय, १०० ग्रॅमचा नमुना देते, आवडला तर सांगा. नमुना फुकट, दुसऱ्यांदा फुकट नाही.

नमुन्याबरोबर एक चिठ्ठी द्यायला लागले आणि तिथून खरी विक्री वाढली. झालं असं की एक नवीन लग्न झालेली मुलगी नमुना घेऊन गेली आणि परत काही बोलेना, शेवटी विचारलं तर म्हणाली, काकू, ते थापायचं कसं तेच मला येत नाही. तेव्हा डोक्यात आलं की आपण धरून चाललोय की सगळ्यांना येतं, पण तिशीतल्या कितीतरी जणांनी थालीपीठ फक्त खाल्लेलं असतं. मग चिठ्ठीत पाच ओळी लिहिल्या: एक वाटी भाजणीला किती कांदा, तिखट-मीठ किती, पाणी लागेल तसं थोडंथोडं, ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोक पाडून तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. चकलीच्या भाजणीबरोबरही चिठ्ठी असते, त्यात मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, किती ते ठळक लिहिलंय कारण मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते आणि दोष भाजणीवर येतो.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं अॅप आहे, फुकट आहे, त्यात कॅटलॉगमध्ये फोटो आणि किंमत टाकून ठेवता येते. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण मेसेज त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून पुडी देतानाच सांगायचं, ताई, माझा नंबर भाजणी नावाने सेव्ह करा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं तर आधी अॅडमिनला विचारा आणि आठवड्यातून एकदाच टाका. माझा मेसेज एवढाच असतो: "उद्या थालीपीठाची भाजणी दळणार आहे. ११ पुड्या होतील. अर्धा किलो १२० रुपये. विश्रामबागेत घरपोच, शनिवारी संध्याकाळी." रोज गुड मॉर्निंग आणि फुलं पाठवली तर लोक म्यूट करतात, मग कामाचा मेसेजही कोणी बघत नाही.

स्टेटसला तयार पुडीपेक्षा कढईत शाळू भाजतानाचा फोटो जास्त चालतो. कढई, हात आणि खिडकीतला उजेड, बस. आणि शेवटच्या दोनच पुड्या राहिल्या असं खोटं कधी लिहू नका, गावात सगळे एकमेकांशी बोलतात.

वर्षाचं पंचांग बघून आधी बोला. आषाढी एकादशीच्या पंधरा दिवस आधी उपवासाच्या भाजणीचं विचारायचं, नवरात्राआधी परत, दसऱ्यापासून चकलीच्या ऑर्डरी. मे महिन्यात सुट्टीला आलेली मुलं पुण्या-मुंबईला परत निघतात तेव्हा आया चार-चार पुड्या नेतात, त्यासाठी १० मे च्या आत माल तयार ठेवते.

फसवणूक

हे तुम्ही बायकोला, नवऱ्याला, सगळ्यांना वाचून दाखवा. अनोळखी नंबरवरून मोठी ऑर्डर येते, माणूस स्वतःला सैन्यातला म्हणवतो, भाव करत नाही, अॅडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. असं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे हातातून जातात. मला असा फोन आला होता, ४० किलो भाजणी हवी म्हणून, आणि एवढी मोठी ऑर्डर म्हणून मन हललंही होतं.

शरीर आणि टॅक्स

दुसऱ्या दिवाळीला नाही म्हणता आलं नाही म्हणून ६० किलो चकलीची भाजणी घेतली आणि नंतर तीन आठवडे कंबर धरून बसले. आता आठवड्याला दोनच घाणे, शेगडी खाली घेऊन स्टुलावर बसून भाजते, आणि दिवाळीच्या ऑर्डरी २५ किलो झाल्या की बंद. पुड्या पोचवायचं आणि वही लिहायचं काम यांच्याकडे आहे.

टॅक्सची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. साठीनंतर नुसती पेन्शन आणि व्याज असेल तर अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरायचा टॅक्स, भरावा लागत नाही, पण धंद्याचं उत्पन्न आलं की ही सूट जाते आणि वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त होत असेल तर आधी भरावा लागतो. रिटर्नही 'सहज' (आयटीआर-१) फॉर्मऐवजी बहुतेकदा 'सुगम' (आयटीआर-४) फॉर्मवर जातं. मार्चच्या सुरुवातीलाच वही घेऊन सीएकडे जा.

सहा महिने झाले की वही उघडून एकच मोजा, पहिल्या २० जणांपैकी किती जणांनी तीनदा घेतलं. माझे १३ होते, म्हणून पुढे गेले आणि त्यानंतर मेतकूट सुरू केलं. पाच-सहाच असते तर आधी त्या चौदा-पंधरा जणींना फोन करून विचारलं असतं की काय कमी पडलं.